उभ्या गाडीचे दात

३ मार्च

ती. स्व. आत्यास,
मौनीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

येथे सर्व क्षेम. तुमचा गुडघा कुरकुरायचा थांबला का, ते कळवावे. सोबत एक डबा पाठवला आहे. जड लागला म्हणून खाऊ समजू नये. आत एक मोडके दातेरी चक्र आहे.

दादाची टिटवी मुलांच्या क्वाडच्या शर्यतीत उतरते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. चार जाड टायरांची आणि मोटारसायकलसारख्या हँडलची ती बुटकी गाडी तिला जीव की प्राण आहे. परंतु या हंगामात तिचा गिअरबॉक्स दोनदा फुटला, आणि दोन्ही वेळा पहिल्याच गिअरचे चक्र गेले. दादाच्या मते टिटवी क्लच पुरता न दाबता गिअर हाणते. ती रडून सांगते की पूर्ण दाबते. निम्म्या गावाने गाडी चालवायचे धडे दादाच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गिरवले; तेव्हा आपल्याच लेकीने गिअर मोडावा हे त्याच्या जिव्हारी लागले आहे. पुन्हा मोडला तर गाडी विकून टाकीन, असे त्याने वहिनीदेखत बजावले.

मला काळजी वाटते ती निराळीच. मागच्या शर्यतीत टिटवी दुसऱ्या गिअरमध्ये गेली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली. इंजिन किंचाळत होते आणि बाकीची मुले शेजारून निघून जात होती. नंतर विचारले तर म्हणाली की हात लावला की मोडेल.

तुम्ही कारखान्यात आयुष्यभर असली चक्रे तपासलीत. मी ग्रंथालयातून यंत्रशास्त्राचे पुस्तक आणून वाचले. त्यात दात कसे असावेत हे सविस्तर आहे, ते कसे मोडतात याविषयी अवाक्षर नाही. हे दात काय सांगतात, तेवढे कळवावे.

लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नये, ही विनंती.

आपली,
मौनी

१० मार्च

चि. मौनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

डबा पोचला. पोस्टमननं तो दोन्ही हातांनी दिला आणि आत काय आहे म्हणून विचारलं. मी दात आहेत म्हणून सांगितलं, तर बिचारा पाणीसुद्धा न घेता गेला. गुडघ्याचं विचारू नकोस; त्याचेही दात झिजलेत.

चक्र खिडकीपाशी धरून भिंगातून पाहिलं आणि चहा निवून गेला. अगं, तीन ठिकाणी दातांनी मार खाल्लाय, तोही जोडीजोडीनं. त्यातली एक जोडी उडालीय. मधले सगळे दात नवेकोरे! आता बघ, शर्यतीत चक्र गरगर फिरतं, आणि फिरत्या चक्राला पंक्तिप्रपंच ठाऊक नसतो. मार सगळ्यांना सारखा वाढला जातो. आणि पोरीनं गिअर हाणला असता तर चक्राच्या अंगावरच्या, गिअर पडताना एकमेकांत अडकणाऱ्या खाचा बोथट झाल्या असत्या. त्या चांगल्या धारदार आहेत. शिवाय शर्यतीत पहिला गिअर लागतो तो सुटण्यापुरता. मग नेमका तोच का जावा?

मला तर वाटतं, हे चक्र फिरताना मोडलेलंच नाही. उभ्या उभ्या मार खाऊन खिळखिळं झालं आणि मग शर्यतीत सुटताना बिचारं गेलं. पण उभी गाडी स्वतःचे दात कशी मोडते, हे सगळ्या नोकरीत मला कुणी विचारलं नव्हतं! घरी कुणी तिच्यावर बसून झोके घेतं का? शर्यत नसते तेव्हा ती गाडी कुठे असते, कशी असते, ते बघ. बोलायचं काही नाही, नुसतं बघायचंय. ते तुझ्याइतकं कुणाला जमणार!

दादाला इतक्यात काही सांगू नकोस. टिटवीला मात्र माझा पापा दे.

तुझी,
आत्या

२१ मार्च

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राने माझी झोप उडवली. आठवडाभर मी शेडमधल्या गाडीवर पाळत ठेवली. तिच्यावर शेजारच्या मांजरीखेरीज कोणी बसत नाही, आणि मांजर झोके घेत नाही. शेडमध्ये ती न्यूट्रलमध्ये निश्चल उभी असते.

रविवारी शर्यतीला निघताना दादाने गाडी ट्रेलरवर चढवली आणि पहिल्या गिअरमध्ये टाकली. उभी गाडी गिअरमध्ये ठेवावी, हा त्याच्या शिकवणीतला पहिला नियम आहे. मग दोन पट्टे बांधले, तेही सैल. आवळले तर स्प्रिंगा दबून कायमच्या बसतील, अशी त्याला धास्ती. मी मागच्या सीटवर गुडघ्यांवर उलटी बसले आणि काचेतून पाहत राहिले. वहिनीला वाटले मला मळमळते आहे. तिने हातात पिशवी दिली, ती मी मुकाट्याने धरून ठेवली.

आत्या, ती गाडी सबंध वाटभर डोलत होती! प्रत्येक खड्ड्याला बोटभर पुढे, बोटभर मागे. वाटेत दादा-वहिनी चहाला उतरले तेव्हा मी गिअरबॉक्सला कान लावला आणि टिटवीला गाडी हलवायला सांगितले. आतून टक् आवाज आला. पुढे ढकलली की एक, मागे ओढली की दुसरा. चाके पुरती फिरू शकत नाहीत, म्हणून सगळा मार त्याच दोन दातांवर. पुढच्या प्रवासाला दुसरी जोडी. तुमच्या तिन्ही जोड्यांचा उलगडा झाला!

परंतु दादाला हे सांगायला माझी जीभ रेटत नाही. त्या दिवशी टिटवी शेवटून पहिली आली, आणि तो तिला म्हणाला की चला, गिअर तरी शाबूत राहिला. ती मान खाली घालून हो म्हणाली. तुम्हीच त्याला लिहाल का? तुमचा शब्द तो खाली पडू देत नाही.

उत्तराची वाट पाहते. लोभाविषयी वेगळे काय लिहू!

आपली,
मौनी

२७ मार्च

चि. मौनीस,
अनेक आशीर्वाद, आणि पाठीवर एक सणसणीत थाप.

मी लिहिणार नाही. माझं पत्र आलं तर तो आत्या म्हणते ते बरोबर म्हणेल, आणि पुढच्या रविवारी पुन्हा पहिला गिअर टाकेल. त्याला माझा शब्द नकोय; तो टक् ऐकू यायला हवा. बोलायची भीती वाटत असेल तर बोलू नकोस, त्याचा कान धर आणि गिअरबॉक्सला लाव. आत्यानं परवानगी दिलीय म्हणून सांग.

एक ध्यानात ठेव. त्याचा नियम खोटा नाही. चढावर उभ्या केलेल्या मोटारीला तो अगदी चोख आहे. फक्त तिच्याखालचा रस्ता पळत नसतो, ट्रेलर पळतो. म्हणून प्रवासात गिअर न्यूट्रलमध्ये, चाकांना पुढून-मागून पाचरी, आणि चार पट्टे तिरके, स्प्रिंगा चांगल्या दबेपर्यंत आवळून. एवढ्या प्रवासानं स्प्रिंगा बसत नाहीत. उतरवल्यावर पट्टे सोडले की झालं. आणि सध्याचं चक्र मिस्त्रीकडून उघडून बघा. त्यानंही मार खाल्ला असणार.

लवकर कर गं. गिअर पुन्हा बसवता येतो. पोरीचा हात एकदा बिचकला की बिचकला.

तुझी,
आत्या

१४ एप्रिल

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

कान धरण्याचे धैर्य झाले नाही, बाही धरली. दादा अंगणात ट्रेलर धूत होता. मी त्याला गाडीपाशी नेले, पहिला गिअर टाकला, खाली बसायला लावले आणि टिटवीला खूण केली. त्याने ऐकले. पुन्हा हलवायला सांगितले. तिसऱ्यांदा त्याने स्वतःच गाडी हलवली. मग तो उठला आणि मिस्त्रीला बोलावून आला. चक्र निघाले, त्यावर मार खाल्लेल्या जोड्या होत्याच. वहिनी म्हणाली की शिकाऊ उमेदवार घरातच निघाला. कोणी हसले नाही, मग तीच एकटी हसली.

त्यानंतर दादा टिटवीसमोर उकिडवा बसला. त्याने तिला सांगितले की तुझा क्लच दर वेळी बरोबर होता. गिअर मी मोडत होतो, रस्त्यावर, तू माझ्या शेजारी बसलेली असताना. मला वाटले ती रडेल, निदान रुसेल तरी. तिने एवढेच विचारले की मग चौथा गिअर वापरू का. तो म्हणाला की आहेत तेवढे सगळे वापर.

काल शर्यत झाली. नवे चक्र, पाचरी, चार पट्टे. गाडी ट्रेलरवर दगडासारखी बसून आली. टिटवी सुटली आणि मी पहिल्यांदाच तिच्या गाडीचा आवाज पायऱ्या चढावा तसा चढत जाताना ऐकला. पण दुसऱ्या वळणावर तिचा गिअर खरोखरच चुकला. पत्रा फाडावा तसा खर्रकन आवाज झाला. मैदानभर माणसे वळून पाहू लागली. गाडी मंदावली. तिने मान वळवली आणि कुंपणापाशी उभ्या असलेल्या दादाकडे पाहिले.

दादाचा चेहरा पांढरा पडला होता. मी त्याच्या शेजारीच होते, म्हणून मला दिसले. त्याने दोन्ही हात वर केले आणि जोरजोराने हलवले: जा, पुढे जा. ती गेली.

कितवी आली ते तीच लिहिणार आहे; मी लिहू नये अशी सक्त ताकीद आहे. आमच्यावर मायेची नजर असू द्यावी.

आपली,
मौनी