करड्या शाईची वाटणी

मृत्युपत्र

सुरुवातीलाच एक तक्रार नोंदवतो, कारण मेल्यावर तक्रार करायची सोय अजून निघालेली नाही.

या कागदाच्या डोक्यावर माझा रंगीत फोटो चिकटवायचा, असे माझ्या वकील ललिता साळवे यांनी सांगितले. मी आयुष्यभर काळे-पांढरे फोटो छापून पोट भरले. म्हणून विचारले, "ब्लॅक अँड व्हाइट चालणार नाही का?" त्या म्हणाल्या, "चालायला काय, चालेल. पण उद्या कुणी म्हणालं, हा माणूस लिहिताना जिवंत होता कशावरून, तर मी काय सांगू?" म्हणजे रंगीत तो जिवंत आणि काळा-पांढरा तो मयत, असा एकूण कायदा दिसतो. रंगीत फोटो काढून आणला. त्यात माझे गाल गुलाबी आले आहेत. फुप्फुसे निकामी झालेल्या माणसाचे गाल गुलाबी! त्या फोटोतला इसम मीच आहे, असे मी नाइलाजाने जाहीर करतो.

मी, महेंद्र पोपट रणपिसे, वय चोपन्न, धर्म बौद्ध, मूळ गाव वडगाव रासाई, तालुका शिरूर, हल्ली राहणार दौंड, धंदा फोटो छापणे. डोके ठिकाणावर आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. फुप्फुसांबद्दल त्यांना तसा दाखला देता आला नाही. मला कोणी धाक घातलेला नाही. आमिषही दाखवलेले नाही. या तब्येतीत आमिष म्हणून दाखवण्याजोगे काही उरलेले नाही. शेजारी श्वासाचे मशीन घरघरते आहे, त्याला दबाव समजू नये. माझ्या मागे कुरबूर नको, म्हणून दुकानाच्या टेबलाशी बसून माझ्या हाताने लिहून ठेवतो ते असे.

कलम एक. दौंडचे दोन खोल्यांचे घर माझा एकुलता मुलगा सम्राट यास द्यावे. तो शिरूरला राहतो आणि रांजणगावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. श्रावणापासून आमचे बोलणे नाही. तो दर रविवारी फोन करतो, मी उचलतो, आणि दोघे एकमेकांचा श्वास ऐकतो. माझा जास्त ऐकू जातो. पण बोलणे नसणे वेगळे आणि घर न देणे वेगळे. बँकेतल्या शिलकीवर पहिला हक्क आपला, असे दवाखान्याला वाटते. त्यांचे समाधान झाल्यावर जे उरेल तेही सम्राटचे.

कलम दोन. वडगाव रासाईची नदीकाठची पडीक जागा आमच्या वस्तीतल्या विहाराला द्यावी. तिथे खोली बांधा, नाहीतर पोरांना क्रिकेट खेळू द्या. माझ्या नावाची पाटी लावू नये. पाटी रंगवणारा आडनावात चूक करतोच, आणि ती दुरुस्त करून घ्यायला मी नसेन.

कलम तीन. चौकातल्या डिजिटल लॅबवाल्यास माझ्याकडून काही नाही. तो कारण विचारील, म्हणून देतो. याच्याकडे छापलेले सगळे मयत एकाच घरातले वाटतात. तोच निळा कोट, तीच मागची धबधब्याची सीनरी, तेच गुलाबी गाल. उन्हात ऊस तोडून करपलेला म्हातारा याच्या मशिनीतून नवरदेव होऊन निघतो. माझी बायको सुरेखा चार वर्षांपूर्वी काविळीने गेली. तेव्हा सम्राटने हौसेने याच्याकडून तिचा मोठा रंगीत फोटो करून आणला. मी तो भिंतीवरून उतरवला. सम्राट म्हणाला, "पप्पा, मम्मीचा फोटो काढताय?" मी म्हणालो, "ही कोण बाई आहे ते आधी सांग."

सुरेखा काळी होती. सावळी, गव्हाळ असले लग्नाच्या बायोडेटातले शब्द ती वापरू देत नसे. लग्नातल्या अल्बममध्ये तिला कुणीतरी गोरी केली होती, तो अल्बम तिने उघडला नाही. मी हा धंदा धरल्यावर मला म्हणाली, "आहे तशी छापता येत असेल तर छापा. नाहीतर राहू द्या."

कलम चार. प्रिंटर. याबद्दल जरा सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण घोडे इथेच पेंड खाते.

साधा रंगीत प्रिंटर काळा-पांढरा फोटो खऱ्या अर्थाने छापतच नाही. निळा, गुलाबी, पिवळा असे तीन रंग कालवून तो करड्याचे सोंग आणतो. सोंग ट्यूबलाइटखाली हिरवट दिसते, उन्हात तांबूस दिसते, आणि काही वर्षांनी त्यातला एक रंग आधी उडाला की भिंतीवरचा माणूस आजारी पडतो. काळ्या कातडीचे तर त्याला काहीच कळत नाही. कपाळ, गाल, हनुवटी, सगळ्याचा मिळून एकच डाग. म्हणून मी रंगाच्या टाक्यांमध्ये करड्या शाया भरल्या. निळ्याच्या जागी गडद करडी, गुलाबीच्या जागी मध्यम, पिवळ्याच्या जागी फिकी. काळ्याच्या जागी काळी. कालवाकालव नाही, म्हणून सोंग नाही. कपाळावरचा उजेड कुठे संपतो आणि गालाची सावली कुठे सुरू होते, ते या शाईत दिसते.

या शाया पुण्यातले एक रिटायर्ड केमिस्ट काजळीपासून करून देत. ते मुलाकडे परदेशी गेले आणि शाई संपत आली. शेवटची भरलेली मी सुरेखाच्या फोटोसाठी राखून ठेवली होती.

श्रावणात मी पुण्याच्या दवाखान्यात पडलो असताना सम्राटने दुकान उघडले. मी बरा होऊन येईन तेव्हा बापाचे मशीन चकाचक असावे, इतकाच त्याचा हेतू. टाक्यांवर निळा, गुलाबी, पिवळा असे छापलेले, आणि आत पाहतो तर सगळीकडे गढूळ काळे पाणी. कंपनीत शटडाउनला करतो तशा त्याने त्या टाक्या फ्लश केल्या. पदरमोड करून अस्सल रंगीत शाई भरली. मी आल्यावर म्हणाला, "पप्पा, पार घाण शिरली होती आत. आता बघा, नव्यासारखा झाला."

करडी शाई मोरीतून केव्हाच गेली होती. मी खुर्चीत बसलो. त्या दिवसापासून त्याच्याशी बोललेलो नाही. मायेने केलेल्या नुकसानीची भरपाई कोणत्या कोर्टात मागतात, ते ललिताताईंनाही सांगता आले नाही.

प्रिंटर, कागद व कॅमेरे आसमीन शेख हिला द्यावेत. ती माझ्याकडे कामाला लागली तेव्हा तिला माउस धरता येत नव्हता. आता ती मला बाजूला सारून बसते. वारसात तिचे नाव नाही, म्हणून इथे लिहिले.

कलम पाच. सुरेखाचा फोटो. मी वडगाव रासाईच्या घाटावर काढलेला, डोक्यावरून पदर, उन्हाने डोळे बारीक, कुणावर तरी हसते आहे. माझ्यावरच असणार. तो अजून छापलेला नाही. गावोगावचे मयत छापले, बायको छापली नाही. छापली की वर हार येतो. छापायची राहिली होती तोवर ती पूर्ण गेलेली नव्हती, असे मी धरून चाललो होतो.

पण तिची आई धुरपदाबाई खुटबावला आहेत. त्यांचे डोळे काचबिंदूने जात चालले आहेत. एक डोळा गेलाच, दुसऱ्याला आता समोरचे तेवढे दिसते. दर भेटीला विचारतात, "पाव्हणं, माझ्या सुरेखाचा फोटू कवा करताय? मला दिसतंय तवर आना." मी म्हणतो, "मामी, शाई यायचीय." त्या म्हणतात, "शाई काय विलायतेवरनं येती व्हय?" लॅबवाल्याचा फोटो सम्राटने त्यांनाही दाखवला होता. त्यांनी तो डोळ्याजवळ नेला आणि परत दिला. "ही कुना गोसाव्याची हाय. माझी न्हाई."

सदर फोटो छापला गेल्यास तो ________ यास द्यावा. नाव सुचत नाही. जागा मोकळी सोडतो.

कलम सहा. माझा अंत्यविधी. फ्लेक्स लावू नये. वंदना घ्यावी, भाषणे घेऊ नयेत.

इथवर लिहिले आणि आज सकाळी जे झाले, ते लिहिल्याशिवाय पुढचे कलम लिहिता येत नाही.

सम्राटने तीन टाक्या धुतल्या, पण काळीला हात लावला नव्हता. काळ्या टाकीत काळीच शाई दिसली, म्हणून ती त्याला शुद्ध वाटली. ही गोष्ट मी रागात विसरलो, आसमीन विसरली नाही. केमिस्टांनी सांगितलेल्या मापाने तिने त्यातली थोडी काळी काढून पातळ करत नेली आणि तीन वाट्यांमध्ये तीन करडे केले. आता मशिनीतला रंग धुवायला हवा होता. तेवढ्यात दारात मोटरसायकल वाजली. सम्राट.

मी आसमीनला म्हणालो, "याला बोलवायचा उद्योग कुणाचा?"

"माझाच, मामा. धुवायला त्याच्यासारखं कोन हाय? त्याचं धुनं तर तुम्ही बघितलंच."

सम्राट चपला काढून आत आला. पिचकारी हातात घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पप्पा, या वेळी काय धुवायचं ते आधी सांगा."

"रंग."

"सगळा?"

"सगळा. काळ्याला हात लावू नकोस."

"मागं पण लावला नव्हता."

"म्हणून तर आज छापायला बसलोय."

श्रावणापासूनचे बोलणे एवढे झाले. करडे भरून छापलेली चाचणीची पहिली पट्टी हिरवट आली, म्हणजे रंग अजून उरला होता. त्याने पुन्हा धुतले. नंतरची पट्टी आसमीनने उजेडात धरली आणि तिचा चेहरा पडला. "मामा, तपकिरी मारतंय." काजळी पातळ केली की मूळची तपकिरीच असते. केमिस्ट तिच्यात थेंबभर निळसर घालून ते झाकत, आणि ती बाटली आमच्याकडे नव्हती. मी "राहू दे" म्हणणार होतो. सम्राटने पट्टी स्वतःच्या मनगटाशी नेली आणि म्हणाला, "मम्मीचा हात असाच होता."

मग फोटो लावला.

आधी पदर आला, मग कपाळ. कपाळ आल्यावर सम्राट बाहेर जाऊन उभा राहिला. मी जागेवरून हललो नाही, मला नाकात नळी आहे. डोळे आले, गाल आला, आणि गालावर उजेड होता, तो तिथेच होता जिथे मी पाहिला होता. कागद खाली पडला तेव्हा प्रिंटर थांबला, आणि श्वासाचे मशीन तेवढे चालू राहिले. दुसरी प्रत लावली, ती ओठांशी येऊन रेघा-रेघा झाली. शाई संपली.

एकच प्रत. सम्राट आत आला, म्हणाला, "घरी लावू?"

मी म्हणालो, "नको. आजीला अजून दिसतंय."

शेजारचे फ्रेमवाले कासम तांबोळी चौकट घेऊन आले. काच बसवू दिली नाही. "काच नको, महेंद्रशेठ. चमकती. म्हातारीला आपलंच तोंड दिसंल." सम्राट फोटो पोटाशी धरून आसमीनच्या मागे तिच्या स्कूटरवर बसला. मोटरसायकल चालवताना दोन हात लागतात म्हणाला.

मघाशी खुटबावहून फोन आला. सम्राटने फोन लावून आजीच्या हातात दिला. धुरपदाबाई म्हणाल्या, "पाव्हणं, व्हय. हीच."

कलम सात. धुरपदाबाईंना मी एक फोटो देणे लागत होतो, तो पोचता केला. सबब कलम पाचमधील मोकळी जागा मोकळीच राहू द्यावी. ती वस्तू माझ्या मिळकतीत धरू नये.

ठिकाण: दौंड, जि. पुणे
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

लिहून ठेवणार: महेंद्र पोपट रणपिसे (सही)

आमच्यासमक्ष वाचून सही केली:
१. ॲड. ललिता साळवे, दौंड (सही)
२. कासम तांबोळी, फ्रेमवाले, दौंड (सही)