अनुसूयेने बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर

राजाजीनगर, बेंगळूर
रविवार, १७ नोव्हेंबर १९६८

चि. नागनाथ यास अण्णांचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आम्ही बरे आहोत. थंडीने आईचा गुडघा धरतो, तेवढंच.

आधी घरची बातमी सांगतो. विलायतेला जाण्यापूर्वी तू बांधलेला वाल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर अजून छान वाजतो. आता त्याच्या शेजारी दुसरा आलाय, ट्रान्झिस्टरचा. तो तुझ्या बायकोने, अनुसूयेने बांधलाय. तू गेल्यावर तिने संध्याकाळचा रेडिओचा वर्ग धरला, हे मी तुला कळवलं होतं. तू काही विचारलं नाहीस. आता ती रेडिओच्या कारखान्यात तपासणी खात्यात नोकरीला आहे.

तिचा पहिल्यांदा वाजला तेव्हा मी तोंडावर म्हणालो, "कोरडा आहे गं. नागनाथाच्यात गोडवा आहे."

"कोरडा नाही, अण्णा. बारीक सुरात खरखरतोय. माझंच कुठंतरी चुकलंय," ती म्हणाली. मग कित्येक आठवडे, स्वयंपाक आटोपला की ती तो उघडून बसायची. शेवटी खरखर गेली.

गेल्या रविवारी पलीकडच्या गल्लीतले व्हायोलिनचे मास्तर हयवदन यांना बोलावलं. तिने दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर चादरीआड ठेवले. स्पीकर एकच. दोन्हींचा आवाज मीटर लावून सारखा केला, कारण मोठा वाजेल तोच माणसाला चांगला वाटतो म्हणे. मग वीणेची रेकॉर्ड लावली.

पहिला ऐकून मास्तर म्हणाले, "गोड आहे. पण सूर विझायला आला की मागच्या गुणगुणीत बुडतो." दुसरा वाजला तेव्हा ते डोळे मिटून पुढे सरकले. "हा शेवटपर्यंत ऐकू येतो. मृदंगाची थापही सुटी. सरी, बरोबर आहे, प्रतापराव, हाच," ते मला म्हणाले.

मीही दुसऱ्यालाच कौल दिला, तुझा समजून. अनुसूयेने चादर काढली. दुसरा तिचा होता.

तू विलायतेला गेलास तेव्हा मी गल्लीभर सांगत फिरलो होतो. या आठवड्यात तसाच फिरलो. आपल्यातल्याच कुणीतरी म्हटलं, "नवरा नांदवत नाही, सुनेला माहेरी धाडा." मी म्हणालो, घर तिचंच आहे, आणि ऐकायचं असेल तर या.

आता तुझ्या पत्राचं. घर मिळालं, तिकीट पाठवलंय, अनुसूयेला पाठवून द्या, असं तू लिहितोस. पत्र मी तिच्या हातात दिलं. तिने ते उलटून पाहिलं. तिच्यासाठी त्यात एक ओळही नव्हती.

"त्यांना लिहा, मी येणार नाही," ती म्हणाली. "चार वर्षांनी बोलावलं, तेही तुमच्याकडून. मी इथं राहिले तर तुम्हाला चालेल ना?"

आई खूप रडली. मला वाटलं, ती हिच्याशी बोलणं टाकणार. सकाळी उठून पाहतो तर कारखान्यात न्यायचा डबा आईनेच भरून दिलेला.

तिकीट सोबत परत पाठवतो आहे. मी तिची समजूत घातली नाही, घालणारही नाही. तुला काही म्हणायचं असेल तर तिला लिही. पत्ता हाच, नाव मात्र तिचं घाल.

प्रकृतीला जप.

अनुसूयेचे आणि तुझे,
अण्णा