संजूचा खण

बोरीवली, मंगळवार, १८ नोव्हेंबर १९८६

आज पुन्हा तेच. समोरच्या हंसाबेन फोटो बघायला आल्या आणि आमची ही सुरू झाली. हे स्पेनमधलं बेसालू, संजूची सासुरवाडी. हा नदीवरचा जुना पूल, मध्येच वाकडा वळलेला. हे डोंगर, अगदी आपल्या नॅशनल पार्कासारखे, फक्त लांबच्या माथ्यांवर बर्फ.

स्मशानाचा फोटो नाही. बरंच झालं. त्या दिवशी ही विहीणबाईंबरोबर स्वयंपाकघरात होती आणि संजू मला एकट्यालाच तिकडे घेऊन गेला. माणूस गेला की तिथे भिंतीतल्या खणात ठेवतात. एकावर एक खण, चाळीतल्या खोल्यांसारखे. संजूने सासऱ्याच्या खणावरची फरशी ओल्या फडक्याने पुसली, ही देव्हारा पुसते तशी. शेजारचा खण रिकामा होता.

"तो आमचा, बाबा. नुरियाचा आणि माझा."

किती सहज म्हणाला! अजून चाळिशीसुद्धा गाठली नाही पोराने. आणि मी काय बोललो? इथून डोंगर छान दिसतात, म्हणालो.

हंसाबेन गेल्यावर ही संजूच्या खोलीत जाऊन कॉट झाडत बसली. "अहो, म्हातारपणी तरी येईल ना हो तो कायमचा?"

सांगून टाकावं का? कुठल्या तोंडाने? तो रिकामा खण डोळ्यांसमोरून हलत नाही.

"येईल की," म्हणालो.

"मग त्याच्या खोलीला रंग काढून घेऊ. यंदा दिवाळी तिकडे झाली, राहूनच गेलं."

उद्या रंगाऱ्याला बोलवायचंय.