जिमची बिगरी

२ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात, आणि मी मोठा होणार हे आता जवळजवळ ठरलेलंच आहे. भावजींच्या मागे जिम ताईच्या नावावर आहे. मागच्या वर्षी ताईला अर्धांगाचा झटका आला. डावा पाय ओढत चालते, काठी लागते. तिच्याच्यानं आता काही होणार नाही. काल मला बोलावून म्हणाली की जिम सगळ्यांसाठी करायची आहे. जाडे, म्हातारे, अपंग, जन्मात व्यायाम न केलेले, सगळ्यांना आत यावंसं वाटलं पाहिजे. जो हे नीट करून दाखवेल त्याच्या हातात महिनाअखेर चाव्या.

माझ्याशिवाय आहे कोण? सख्खा धाकटा भाऊ. बायकोनं आठवण करून दिली की याआधी माझे दोन धंदे बसले. मी म्हटलं, व्यायामात बसल्याशिवाय उठता येत नाही. ती उठून आत गेली.

३ मार्च
विचार केला. नवा माणूस जिमला का बिचकतो? इंग्रजीमुळे. स्क्वॉट, डेडलिफ्ट, असलं काही ऐकलं की बिचारा दारातूनच परत फिरतो. तेव्हा सगळं मराठीत करायचं. शुद्ध, सोपं, घरगुती. हे आजवर कुणाला सुचलं नाही याचं नवल वाटतं, आणि वाटतही नाही.

संकल्प: आपणही उद्यापासून व्यायाम. मॅनेजरच्या आधी मॅनेजरचं पोट दारातून आत शिरू नये.

५ मार्च
पाट्या आल्या. वर्गाचं नाव ‘बिगरी’. पहिलीच्याही आधीची इयत्ता, म्हणजे नापास व्हायची भीतीच नाही. स्क्वॉटला ‘उठाबशा’. डेडलिफ्टला ‘मढं उचल’. कूल डाउनला ‘थंड व्हा’. फ्री वेट्सच्या रॅकवर ‘फुकट वजने’. कोपऱ्यात दोन गाद्या टाकून रिकव्हरीची सोय केली, तिथे ‘वसुली कक्ष’. पेंटरनं दोनदा विचारलं, नक्की ना? हाताखालच्या लोकांना झेप कळत नाही.

ट्रेनरबाई (ताईनंच नेमलेली, फिजिओचं काहीतरी शिकलेली) म्हणाली की पाट्यांपेक्षा मशीन जरा लांब लांब ठेवू, काठीवाल्यांना आणि व्हीलचेअरला वाट होईल. मी म्हटलं, बघू. काहींची उडी फर्निचरपर्यंतच.

व्यायाम: दिवसभर पाट्या उचलल्या, तोच धरला.

९ मार्च
बिगरीचा पहिला दिवस. थाटात झाला. एक निवृत्त मुख्याध्यापिका, दोन्ही गुडघे गेलेले. हेडबाई म्हणायचं ठरवलं. एक बँकेतला कॅशिअर, त्याला मी प्रेमानं पिंप म्हणतो. एक वायरमन, उजवा हात कोपरापासून नाही. आणि ताई. हो, खुद्द ताई. जन्मभर काउंटरवर बसली, मशीनला कधी हात लावला नव्हता. नवे बूट घालून आली होती. मालकिणीनं असं चारचौघांत लंगडत यावं हे मला काही पटलं नाही, पण मोठ्या मनानं घेतलं.

स्वागत माइकवरून केलं. एकेकाला काट्यावर उभं करून वजन पुकारलं. पिंपाचा आकडा ऐकून पलीकडे व्यायाम करणारी पोरं हातातली वजनं खाली ठेवून बघायला लागली. लाज मोडायची तर ती लोकांतच मोडावी लागते.

मग भाषण. म्हटलं, व्यायाम हे एकट्याचं काम नाही, एका हातानं टाळी वाजत नाही. आपलेपणा वाटावा म्हणून वायरमनकडे बघूनच म्हटलं. वायरमननं डावा हात खिशात घातला. वाक्य खोल गेलं असणार.

शेवटी ताईला सगळ्यांसमोर चालून दाखवायला लावलं. मध्येच तिचा पाय अडकला. मी माइकवर सांगितलं की घाबरू नका, ही माझी बहीण आहे, पूर्वी अशी नव्हती. तिचे डोळे भरून आले. माझेही आले असते, पण माइक हातात होता.

१० मार्च
उठाबशा. मी आकडे मोजतोय आणि हेडबाई जागच्या हलेनात. म्हणाल्या की नोकरीभर मी ही शिक्षा पोरांना दिली, ती भोगायला इथे आलेली नाही. पिंपानं तर सवयीनं दोन्ही कान धरले होते. मी म्हटलं राहू द्या, तोल सांभाळला जातो. पलीकडच्या पोरांनी व्हिडिओ काढला. आयती जाहिरात झाली.

ताई बसली ती उठेना. मी मदतीला गेलो नाही. जिद्द वाढते. ट्रेनरबाई मध्ये तडमडली आणि तिला उठवलं.

१२ मार्च
रॅकवरची छोटी डंबेल्स गायब. पोलीस बोलावणार होतो, तेवढ्यात समोरच्या लॉन्ड्रीत कपड्यांच्या गठ्ठ्यावर एक दिसलं. लॉन्ड्रीवाला म्हणाला, पाटी वाचली म्हणून नेलं, एकेकच घेतलं, हावरटपणा केला नाही. शेजारच्या दुकानदारांनाही त्यानंच कळवलं होतं. माझी मराठी लोकांपर्यंत पोचते आहे यात शंका नाही.

वसुली कक्षात मात्र कुणी पाऊल टाकत नाही. पिंप तिथून जाताना खिशातली फीची पावती काढून दाखवतो. सगळे मला मागून वसुलीसाहेब म्हणतात असं कळलं. टोपणनाव पडलं म्हणजे माणूस मनात बसला.

१६ मार्च
आरशांवर चादरी टाकल्या. बिगरीतल्यांनी स्वतःला बघून खचू नये, एवढाच हेतू. ताई म्हणाली, मग माझा पाय सरळ पडतोय की नाही हे मी कशात बघू? मी म्हटलं, आरसा कशाला हवा, मी आहे ना, तोंडावर सांगेन. आणि लगेच सांगितलंही: बदकासारखा पडतोय. थट्टेत शिकवलं की लक्षात राहतं.

ती काठी टेकत दुसऱ्या टोकाला गेली. लहानपणीही तिला विनोद उशिरा कळायचा.

१८ मार्च
वायरमन यायचा बंद झाला. ट्रेनरबाईला सांगून गेला म्हणे, मला नाही. मोठ्या माणसाचा निरोप घेणं जड जातं.

मढं उचल सुरू केलं. पाटीखाली उभ्या राहून हेडबाई अचानक रडायला लागल्या. मागाहून कळलं की त्यांचे यजमान नुकतेच वारले. घरात करमत नाही म्हणून त्या इथे येतात. बघा, साध्या पाटीनं कोंडलेलं दुःख बाहेर काढलं. त्या अर्ध्यातून निघून गेल्या. मोकळ्या झाल्या असतील.

ताईनं मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाली, तुला त्यांचं काहीच वाटत नाही का? मी म्हटलं, मीच जर वाटून घ्यायला लागलो तर जिम कोण चालवणार. तिनं टेबलावरच्या चाव्या उचलून खणात टाकल्या. बहुतेक भावजींची आठवण झाली.

२१ मार्च, आडवा
आज मढं उचल स्वतः करून दाखवलं. पोरांचा बार उचलायला घेतला, हलका घेणं मॅनेजरला शोभत नाही. कमरेत कट्‌ असा आवाज झाला आणि मी होतो तसाच वाकून राहिलो. पिंप आणि ट्रेनरबाईनं मला उचलून वसुली कक्षात नेऊन ठेवलं. नेताना पिंप ‘मढं उचल’ची पाटी मोठ्यानं वाचत होता.

कसं उचलू नये याचं याहून चांगलं प्रात्यक्षिक दुसरं नाही. मुद्दामच केलं असं म्हणायला हरकत नाही.

ट्रेनरबाई शेजारी बसून विचारत होती, कुठे दुखतंय, इथे की इथे, घाई नाही. बोलणं मऊ आहे तिचं. मला ते आवडलं नाही. मी काही बिगरीतला नाही.

२७ मार्च, घरी
डॉक्टरनं अंथरूण धरायला लावलंय. ताईचा फोन नाही. चाव्यांची तयारी चालली असेल.

बायको जिममध्ये जाऊन आली. म्हणाली, सकाळचा वर्ग भरलाय. वायरमन परत आलाय. हेडबाई रोज येतात. पिंप आपल्या आईला घेऊन येतो. मी नसताना एवढं, म्हणजे घडी किती पक्की बसवली असेन मी. पाट्या काढल्यात म्हणे. धुवायला काढल्या असतील. आरशांवरच्या चादरीही. मी विचारलं, माझी आठवण काढतात का? बायको म्हणाली, काढतात आणि हसतात. आनंदी वातावरण आहे.

३१ मार्च
ताई घरी आली. रिक्षातून उतरून एकटी, काठी टेकत. मी उशाला टेकून बसलो, चेहरा नम्र ठेवला.

चाव्या तिनं ट्रेनरबाईला दिल्या.

मी विचारलं, माझं चुकलं काय? ताई म्हणाली की झटका आला तेव्हा पाय गेला, पण लाज वाटायला लागली ती तुझ्या त्या माइकपासून. तू समोर असलास की मी पाऊल टाकत नाही, तू काय म्हणशील याची वाट बघते. मी तिला समजावलं की आजारपणात माणूस हळवा होतो. बायको मध्येच म्हणाली, ताई, चहा घ्या. ताई म्हणाली, नको, आणि जिना उतरायला लागली. मी धरायला उठणार होतो, पण कंबर.

गैरसमज आहे. रक्ताचं नातं आहे, दोन दिवसांत निवळेल.

४ एप्रिल, संध्याकाळ
कंबर बरी. पाय मोकळे करायला निघालो आणि सहज जिमकडे वळलो. आत गेलो नाही, काचेतून बघितलं.

ताई ट्रेडमिलवर होती. काठी बाजूला, हात दांडीवर. डावा पाय ओढत नव्हती, उचलून टाकत होती. हळू, पण टाकत होती. शेजारी हेडबाई सायकल मारत होत्या आणि दोघी कशावरून तरी हसत होत्या. बाकी कुणाचं त्यांच्याकडे लक्षही नव्हतं. ताईला असं हसताना मी भावजी गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं. हे खरं लिहितोय. वाटलं, आत जावं आणि नुसतं म्हणावं, छान चालतेस.

दारावर हात ठेवला. तिनं वर बघितलं. मी हात हलवला.

तिनं मशीन बंद केलं, काठी घेतली, आणि मी जाईपर्यंत पाठ करून उभी राहिली.