मोठी बसते ती चौकट

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनच केला असता, पण आई स्पीकर लावते आणि दोन मिनिटांत गाडी तिच्या गुडघ्यांवर येते. शिवाय तू रागावलीस की नाकातून श्वास सोडतेस, तो मला फोनवर ऐकवत नाही. म्हणून पत्र.

बातमी अशी, की ‘वाफेचं घर’ या आपल्या जपानी चित्रकथेच्या चित्रकार बाई आमच्याकडच्या पुस्तक मेळ्यात येताहेत. हो, त्याच, घराबाहेर न पडणाऱ्या, फोटो न काढू देणाऱ्या. आणि स्टेजवर त्यांची मुलाखत घ्यायला मेळ्याच्या लोकांनी मला विचारलंय. मी हो म्हटलं. माझ्या ब्लॉगवरून कळण्याआधी हे तुला माझ्याकडून कळावं असं वाटलं.

मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात हेसुद्धा मला तूच शिकवलंस, ते मी विसरलेले नाही. चौथीत असताना मी एक पुस्तक उलटं वाचलं, हिरो आधी मेला आणि मग शाळेत गेला म्हणून रडत बसले, आणि तू पलंगावर लोळून हसलीस. ‘वाफेचं घर’मधल्या लाँड्री चालवणाऱ्या त्या दोन बहिणींची ओळखही तुझ्यामुळेच झाली. म्हणून पहिल्या रांगेत तुझी खुर्ची धरून ठेवलीय. ये. आणि तुझ्याकडचे प्रश्न पाठव, तुझ्याइतकं बारकाईनं ते वीस खंड कुणी वाचलेले नाहीत.

या पत्रानंतरही थोडा लोभ शिल्लक राहावा.
तुझी,
ठकी

१० जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र डब्याच्या सुट्टीत वाचलं, ही चूक झाली. नंतर लॅबमध्ये एका आजोबांची कवळी घासायला घेतली आणि वरचा सुळा घासून घासून पार सपाट केला. डॉक्टरांनी विचारलं, आजोबा आता फक्त दूधच पिणार आहेत का. दात नव्यानं बसवावा लागला.

तुला अभिनंदन हवं असेल तर ते आईकडून घे. तिनं तू टीव्हीवर येणार असं अख्ख्या जिन्याला सांगून टाकलंय. मला मात्र खोटं लिहिता येत नाही. माझा जळफळाट झालाय, ठके. बारा वर्षं मी त्या बाईंवर लिहितेय. कामावरून आल्यावर, स्वयंपाक उरकून, आईच्या मालिकेच्या आवाजात. तू त्यांच्यावर दोनदा लिहिलंस, त्यातही एकदा लाँड्रीतल्या धाकटीच्या केसांवर. केसांवर! आणि स्टेजवर तू.

खुर्ची दुसऱ्या कुणाला दे. लॅबमध्ये काम फार आहे, असं लिहिणार होते, पण काम नेहमीइतकंच आहे. मला यायचंच नाही. तिथं बसून तुझ्यासाठी टाळ्या वाजवायच्या आणि शेजारच्या बाईनं विचारलं की सांगायचं, मी तिची बहीण, मीही थोडंफार लिहिते. नको. प्रश्नही पाठवणार नाही. माझ्याकडे तेवढीच इस्टेट आहे.

लोभ आहे, पण सध्या कुलपात आहे.
ताई

१५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

केसांवरच्या त्या लेखावर तू तेव्हा ‘छान’ असं लिहिलं होतंस. आता कळलं कसलं छान.

मला वाटलं होतं की तू रागावशील आणि मग येशील. नेहमी तसंच करतेस. ते नाही झालं, म्हणून जे सांगणार नव्हते ते सांगते. मेळ्याच्या लोकांनी विचारलं तेव्हा मी आधी तुझं नाव घेतलं. खरंच. त्यांच्यातल्या एका बाईंनी माझ्यासमोर तुझा ब्लॉग उघडला, बोटानं खाली खाली नेत राहिल्या, आणि म्हणाल्या की फार लांब लिहितात हो. मग मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर तुला नाही, त्या रंगवलेल्या केसांच्या व्हिडिओवाल्या मुलाला बोलावलं असतं.

आणि जळायचंच तर मीही जळते, तुला वाटतं तुझाच मक्ता आहे? माझ्या लेखांखाली हजार जण बदामाचं चित्र टाकून जातात. तुझ्याकडे चाळीसच माणसं येतात, पण ती पानपानभर लिहितात. त्या पोस्टातल्या निवृत्त काकांनी तुझा लेख वाचून संबंध तुटलेल्या भावाला फोन केला, असं लिहिलं होतं. माझं वाचून कुणी कुणाला फोन केलेला नाही. ते मी तीनदा वाचलं आणि लॅपटॉप आपटून बंद केला.

एकच प्रश्न दे. वीस खंडांतून एक. भीक समज.

तुझी,
ठकी

२१ जून

चि. ठकीस,
अ. आ. वि. वि.

फार लांब. बरं.

हे वाचल्यावर दोन दिवस मी काही लिहिलं नाही. मग एक लेख घेऊन कात्री चालवायला बसले. पहिला परिच्छेद काढला, तिसरा काढला, आणि उरलं ते वाचून वाटलं की हे तुझं झालं. पुन्हा होतं तसं करून ठेवलं.

माझं नाव घेतलंस, त्याबद्दल काय वाटलं ते मला अजून नीट कळलेलं नाही. आधी बरं वाटलं, मग तुझाच राग आला, मग त्या बोटानं खाली नेणाऱ्या बाईचा.

घे प्रश्न. वीस खंडांत लाँड्रीतली मोठी बहीण एकदाही बसलेली दाखवलेली नाही. ती जेवतेही उभ्यानं. पत्रं उभ्यानं वाचते, रडतेही इस्त्री धरून. फक्त चौदाव्या खंडात एका छोट्या चौकटीत ती पालथ्या बादलीवर बसली आहे, पाय लांब करून. आणि त्या चौकटीत धाकटी घरात नाही, बाजारात गेली आहे. बाईंना विचार, मोठीला बसवलंत ते धाकटी घरात नसतानाच का?

मी हे कुठंही लिहिलेलं नाही. कधीतरी त्या समोर आल्या तर विचारीन म्हणून ठेवलं होतं. नीट विचार. घाईत विचारू नकोस, तुझी ती लोकांना हसवून पुढं जायची सवय आहे ना, तसं करू नकोस.

आई खुशाल. लोभाचं कुलूप किलकिलं केलंय.
ताई

२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मुलाखत झाली. हॉल भरला होता. बाई फार बुटक्या आहेत, स्टेजवरच्या खुर्चीत त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. मी विनोद केले, लोक हसले, दुभाषी बाईंनी भाषांतर केलं की बाईही हसायच्या, एका हसण्याएवढ्या उशिरा. रेखाटन कसं करता, शाई कुठली, धाकटीचे केस असे का. हो, केस. सगळे खूश झाले.

ताई, तुझा प्रश्न मी विचारला नाही.

माझ्या हातात होता. कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहून नेला होता. आणि वेळही होता, असं नाही की वेळ संपला. पण तो विचारला असता तर तासाभरातलं तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं असतं, आणि ते माझं नव्हतं. तुझ्या टाळ्या माझ्या तोंडावर वाजल्या असत्या. कार्ड पाण्याच्या ग्लासाखाली सरकवलं आणि केसांचं विचारलं.

दुसरंही एक आहे. पत्र आल्या दिवशी मी चौदावा खंड काढला आणि ती चौकट शोधली. मग आपलं स्वयंपाकघर आठवायला लागले. तू तिथं बसलेली मला आठवेना. खूप प्रयत्न केला. ओट्याशी, दाराशी, माझी वेणी घालताना, सगळीकडे तू उभीच. हे घेऊन मी स्टेजवर कशी बोलणार होते?

काय शिव्या द्यायच्या त्या दे. पण पत्रातच दे, आई ऐकते.

लोभ मागायला तोंड नाही.
ठकी

९ जुलै

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

शिव्या देऊन झाल्या. पत्र येण्याआधीच, बसमध्ये. मी हॉलमध्ये होते.

आईला सांगितलं की दातांच्या सामानाच्या प्रदर्शनाला जातेय. तिकीट काढून मागच्या दाराशी बसले. तू स्टेजवर आलीस तेव्हा निळ्या कुडत्यात बरी दिसलीस, त्याचाही राग आला. लोक हसत होते आणि मला हसायचं नव्हतं, तरी दोनदा हसले. मग तू कार्ड उचललंस, वाचलंस, आणि ग्लासाखाली सरकवलंस. मला इतक्या लांबूनही कळलं, कुठलं कार्ड ते. मुलाखत संपताच निघून जाणार होते. पण दाराबाहेर सहीची रांग लागत होती, आणि पाय तिथंच थांबले.

तू कोपऱ्यात होतीस, पोरी तुझ्याबरोबर फोटो काढत होत्या. मी मान फिरवली. माझा नंबर आला. चौदावा खंड पुढं केला, चौकटीवर बोट ठेवलं आणि दुभाषी बाईंना म्हटलं, एवढं विचाराल का? मागचे लोक कुरकुरायला लागले. बाईंनी चष्मा कपाळावर ढकलून पुस्तक नाकाशी धरलं. मग म्हणाल्या, हे त्यांना आजवर कुणी दाखवलं नव्हतं, त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. आणि मलाच विचारलं, तुम्ही मोठ्या की धाकट्या? मी म्हटलं, मोठी. त्या म्हणाल्या, मी धाकटी. माझी मोठी बहीण बसलेली मला कधी दिसलीच नाही. मी बाहेर गेल्यावर बसत असेल, असं धरून काढली असणार.

एवढंच. सही केली, आणि खाली बादलीवर बसलेली मोठी पुन्हा एकदा काढून दिली. मी निघताना दुभाषी बाईंनी सांगितलं, त्या विचारताहेत, तुमची धाकटी आज आली आहे का? मी तुझ्याकडे बोट दाखवलं. तू तेव्हा हसून कुणाच्या तरी फोनकडे बघत होतीस. बाई म्हणाल्या, हो? मग तुम्ही उभ्या का?

बाहेर पायऱ्यांवर बसून रडले. रागाचंच होतं बहुतेक. एवढं जीव तोडून वाचलं मी, आणि ते सगळं काढलेलं निघालं एका धाकटीनंच. तुम्हा धाकट्यांच्या हाती काय काय पडतं!

यावर लेख लिहितेय. लांब. इतका लांब की ती मेळ्याची बाई बोटानं खाली नेता नेता दमेल. ब्लॉगवर टाकण्याआधी तुला पाठवीन. वाचून तुझा तिळपापड व्हावा अशी मनापासून इच्छा आहे. नाही झाला तर तसं कळव, पुन्हा लिहीन.

कुलूप काढून ठेवलंय. येशील तेव्हा दार लोट.
तुझी,
ताई