आईंचं वेगळं ताट

आई,
जिंकलो! माझा आणि यज्ञेशचा, दोघांचाही रिपोर्ट निगेटिव्ह आलाय. तुमचा हिपॅटायटिस बी आम्हाला लागलेला नाही. अंगात त्याच्याशी लढायची ताकद आहे का, ती टेस्टही निगेटिव्ह आली, म्हणून आम्ही नौपाड्याला लस घ्यायला चाललोय. चिरागला ती जन्मतःच दिलेली आहे.

एका ताटात जेवून हा पसरत नाही, रक्तातून पसरतो, असं डॉक्टर म्हणाले. मासळी कापताना बोट कापलं तर पट्टी लावा, बास! तुम्ही नेलपॉलिशची खूण करून ठेवलेलं ताट मी मांजरीला दिलंय.

बोंबलाचं कालवण केलंय. चिराग शाळेतून आला की दोघं जेवा. ओट्यावर एकच मोठं ताट ठेवलंय. बाकीची कपाटात आहेत आणि किल्ली माझ्या पर्समध्ये.

— मेघना