तिसरी टकटक

३ जून २०१७, शनिवार

आज बोटीतून धक्क्यावर पाऊल टाकलं आणि पन्नास वर्षांपूर्वीचा एक आवाज कानात वाजला. दारावरची टकटक. दोन भरभर, मग एका श्वासाची विश्रांती, मग तिसरी. पहिल्या दोन लामार हॅचच्या, तिसरी माझी. आम्ही दोघे विशीतले, अमेरिकेहून आलेले, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे प्रचारक. नॉर्वेच्या या उत्तर टोकाला दारोदार हिंडायचो आणि प्रत्येक दारावरची टकटक अशी वाटून घ्यायचो. हॅच म्हणायचा, दोन ठोक्यांना लोक वारा समजतात, तिसरा पडला की कळतं, माणूस आहे.

स्टाइनव्हिक फारसं बदललेलं नाही. किनाऱ्याचा रस्ता तोच, नऊ घरांचा. एका अंगाला घरं, दुसऱ्या अंगाला समुद्र. शेवटचं नऊ नंबरचं पिवळं घर आमचं. त्याच्या माडीवर आम्ही भाड्याने राहायचो, आता अख्खं घर उन्हाळ्यापुरतं मिळतं. मी तीन आठवड्यांसाठी घेतलंय. नातवंडांसाठी त्या दिवसांच्या आठवणी लिहून काढायच्या आहेत. माझी बायको अर्डिथ हयात असती तर म्हणाली असती, व्हर्नन, त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं, तू तर जेवतानासुद्धा तिथेच असतोस.

जिन्याची चौथी पायरी अजून कुरकुरते. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

५ जून, सोमवार

सोमवार आमचा धुण्याचा वार. त्या दिवशी दारं वाजवायची नाहीत. दोघांचे मिळून चार पांढरे शर्ट, परसातल्या टपात. मग घरी पत्रं आणि मिशनच्या अध्यक्षांना आठवड्याचा अहवाल. आज मीही शर्ट धुऊन मागच्या दोरीवर टाकले. सूर्य मावळतच नाही, त्यामुळे कधीही वाळतात.

दिवस सहाला सुरू व्हायचा. गुडघे टेकून प्रार्थना, तासभर ग्रंथवाचन, मग पावावर तपकिरी गोडसर चीज आणि साडेनऊला रस्ता. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत, एकही दार न वगळता. हॅचच्या खिशात एक लहान वही असे, कोणत्या दारी काय उत्तर मिळालं त्याची. बहुतेक ओळींपुढे एकच शब्द, नको. सायकल मारताना मी शाळेत पाठ केलेल्या कविता म्हणायचो. सहावीच्या बाईंनी लावलेलं ते वेड. हॅच आयडाहोच्या बटाट्याच्या शेतातला. तो माझं आडनाव घेऊन म्हणायचा, आल्रेड, तुझ्या कवितांवर काही पिकत नाही, पण चढ लवकर सरतो.

आणि सगळ्यांत मोठा नियम, सोबत्याला नजरेआड करायचं नाही. चोवीस तास, दोन वर्षं. धर्मप्रचारक एकटा नसतो.

८ जून, गुरुवार

एक नंबरचा टूर्लेइफ जाळी विणत बसला होता. तेव्हा दहा वर्षांचा होता, आमच्या सायकलींची हवा सोडायचा. मला ओळखलंन. म्हणाला, काय पाद्रीबुवा, त्या वेळी कुणी बाटलं नाही म्हणून या वयात पुन्हा आलात होय? मी म्हटलं, हवेचे पैसे वसूल करायला आलोय. तो खूप हसला. मग हसू थांबवून विचारलंन, तो दुसरा सापडला का हो कधी?

शेजारी आठ नंबरला गुनव्होर राहते, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. रोज कॉफी पुढे करते, मी रोज नको म्हणतो, मग काळ्या मनुकांचं गरम सरबत देते आणि म्हणते, तुमच्या देवाला कॉफीचं एवढं काय वाकडं आहे ते एकदा मला विचारू द्या त्याला.

११ जून, रविवार

इथे आता आपली सभा भरत नाही. एकट्यानेच वाचलं, एकट्यानेच गायलं.

नेल्डाचं पत्र सोबत आणलंय. नेल्डा म्हणजे हॅचची धाकटी बहीण. आता तीही पासष्टची, हृदयाने अधू. दर नाताळला लिहिते आणि शेवटी तोच प्रश्न विचारते, की लामार खरंच इतका उदास होता का. कारण मी तसं सांगितलं होतं. सदुसष्टच्या तेवीस जूनला, सेंट जॉनच्या सणाच्या संध्याकाळी, मी झोपलो असताना तो न सांगता निघून गेला, त्याला फार दिवसांपासून घरी जायचं होतं, असं. त्याचा कोट धक्क्याखाली सापडला. तो नाही सापडला. त्याच्या वडिलांनी मरेपर्यंत घरात त्याचं नाव घेऊ दिलं नाही. सेवा अर्धवट टाकणारा मुलगा.

या वेळी उत्तर नीट लिहायचं, असं ठरवून आलोय.

१४ जून, बुधवार

आज टूर्लेइफ सांगत होता, पाद्रीबुवा, तुमचा धंदा पुन्हा सुरू झाला वाटतं. काल त्याच्या दारात एक पोरगा उभा होता. काळा सूट, पांढरा शर्ट, अंगावरून पाणी निथळतंय. पाऊस तर आठवडाभर नाही. मोडक्यातोडक्या नॉर्वेजियनमध्ये त्याने विचारलं, माझा सोबती दिसला का? टूर्लेइफ नाही म्हणाला. पोराने खिशातली वही काढून काहीतरी लिहिलं आणि गेला.

मी म्हटलं, आमची मुलं एकटी हिंडत नाहीत. टूर्लेइफ म्हणाला, तेच तर तो म्हणत होता.

आज तो दोन नंबरला गेला होता.

१६ जून, शुक्रवार

काल तीन. आज चार. एकही दार न वगळता.

चार नंबरच्या बाईंनी गुनव्होरला सांगितलं, गुनव्होरने मला. बाईंना त्याची फार दया आली. आधी त्यांना वाटलं वारा आहे, कारण ठोके दोनच पडले.

इथे खरं लिहितो. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही. त्या संध्याकाळी हॅच तापाने फणफणला होता. शाळेच्या सभागृहात कवितावाचन होतं, गावचे मास्तर म्हणणार होते. मला जायचं होतं. तो म्हणाला, जाऊ तर दोघे, नाही तर कुणीच नाही. मी मान हलवली आणि त्याला झोप लागल्यावर बूट हातात घेऊन जिना उतरलो, चौथी पायरी टाळून. तासाभराने परत आलो तर अंथरूण रिकामं, दार सताड उघडं. तो जागा झाला होता. मी दिसलो नाही, म्हणून त्या तापात मला शोधायला निघाला होता. नियम तो पाळत होता. मोडला मी.

घरी जायचं आहे असं तो एकदाही म्हणाला नव्हता.

१८ जून, रविवार

काल पाच. आज रविवार, आज नाही. आम्हीही रविवारी दारं वाजवत नसू.

नेल्डाला पत्र लिहिलं. चार पानं, सगळं. शेवटी लिहिलं की तुझा भाऊ माझ्यासाठी बाहेर पडला. पाकीट बंद केलं, तिकीट लावलं. बऱ्याच वर्षांनी भूक लागल्यासारखी भूक लागली.

१९ जून, सोमवार

आज धुण्याचा वार. तो आला नाही.

रस्ता स्वच्छ, समुद्र शांत. पत्रपेटी कोपऱ्यावर, दोनशे पावलांवर. उद्या टाकीन. एवढ्या वर्षांत एक दिवस काय.

२० जून, मंगळवार

खिडकीत बसून होतो. पावणेदहाला सहा नंबरचं दार उघडलं. मालक बाहेर आला, कुणाशी तरी बोलला, मान हलवली, हात पसरून नाही म्हणाला. त्याच्यासमोर पायरीवर मला कुणीच दिसत नव्हतं. ऊन लख्ख पडलं होतं. मालक आत गेल्यावर पायरीवर पाण्याचे ठसे राहिले, तेवढे दिसले.

पत्र घेऊन कोपऱ्यावर गेलो. पेटीचं तोंड उघडलं. आणि मनात आलं, सत्तर वर्षांचा मी, नातवंडं आजोबांच्या प्रचारसेवेच्या गोष्टी अभिमानाने सांगतात. मंडळीत चाळीस वर्षं मुलांना हाच नियम शिकवला. नेल्डाच्या हृदयाला सोसेल का हे? तिच्याच भल्यासाठी—

परत आलो. पत्र चुलीत टाकलं.

अर्डिथलाही मी कधी सांगितलं नव्हतं.

२१ जून, बुधवार

सात नंबर. आज दोघे होते.

टूर्लेइफ मुद्दाम सांगायला आला. म्हणाला, चला, पोराला त्याचा सोबती मिळाला एकदाचा, तुम्हाला आनंद व्हायला हवा. दुसरा कोरडा होता म्हणे. बारीक, उंच, डाव्या भुवईत जुनी खोक. चालताना काहीतरी पुटपुटत होता, गाण्यासारखं, पण गाणं नव्हे.

माझ्या डाव्या भुवईत खोक आहे. नवव्या वर्षी गोठ्याच्या फाटकावर आपटलो होतो. आता सुरकुत्यांत दिसत नाही. टूर्लेइफला ती आठवत असायचं कारण नाही.

ज्या मुलाने तेव्हाच खरं सांगायला हवं होतं, तो इतकी वर्षं माझ्यात कुठेतरी वाट बघत बसला असणार. काल मी पत्र जाळलं. तो उठून हॅचकडे गेला.

२२ जून, गुरुवार

सकाळीच नेल्डाला फोन लावला. तिच्याकडे आदली रात्र. तिने आवाज ओळखला, म्हणाली, व्हर्नन, एवढ्या लांबून? लामारबद्दल काही आहे का? मी म्हटलं, नाही, सहज केला. म्हटलं, इथे हवा छान आहे. हवेबद्दल बोललो. पाच मिनिटं हवेबद्दल—

बोट शनिवारी. त्याआधी नाही. टूर्लेइफ होडीने सोडेल का विचारलं, तर म्हणाला, उद्या सणाची होळी पेटवायची आहे, परवा बघू.

आज आठ नंबर. गुनव्होर सरबत घेऊन आली तेव्हा खुशीत होती. म्हणाली, किती सभ्य पोरं हो तुमची, कॉफी नको म्हणाली दोघंही. कुणी हरवल्याचं आता विचारत नाहीत. एवढंच विचारलं, की शेजारचे आजोबा एकटेच राहतात का?

मी विचारलं, तू काय सांगितलंस?

म्हणाली, खरं तेच सांगितलं.

मी तिला म्हटलं, आज इथेच थांब. ती हसली. म्हणाली, अहो अमेरिकन, या वयात लोक काय म्हणतील.

२३ जून, शुक्रवार

नऊ वाजले. गुनव्होर होळीसाठी लाकडं आणायला गेली. सगळेच किनाऱ्यावर. रस्त्यावर कुणी नाही—

या वहीच्या वर नाव लिहिलंय. नेल्डा हॅच, फ्रँकलिन, आयडाहो. जो कुणी ही उचलेल त्याने तिला पाठवावी. सोळा जूनचं पान वाच, नेल्डा. ते खरं आहे. लामार उदास नव्हता. तो मला—

शाळेतली कविता आठवून बघतोय. पहिली ओळसुद्धा येत नाही. एकही नाही. सगळ्या तो घेऊन गेला.

साडेनऊ. आमची वेळ.

माडीवरच्या दाराला कडी घातली आहे. वही मांडीवर.

चौथी पायरी वाजली. म्हणजे खालच्या दारातून आत आलेत. एकदाच वाजली. दुसऱ्याने ती टाळली. टाळायची हे त्याला ठाऊक—

दोन ठोके.

वारा असेल. वारा आहे. नेल्डा, मी झोपलो नव्हतो, मी बूट हातात घेऊन—

थांबलेत. एक श्वास. मी ओळखतो हा श्वास, हा माझाच—

तिस